पागधरे बाईंचा रिकामा माळ

पागधरे बाई खुर्चीवर बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. चहा उभ्याने, डबा उभ्याने, आणि फाइल वाचायची तीही ऑफिसच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. अर्धा चहा प्यायचा, कप दिसेल त्या टेबलावर ठेवायचा आणि दहा मिनिटांनी "माझा चहा कोणी घेतला?" म्हणून आमच्यावरच डोळे वटारायचे. त्यांच्या चपलेचा एक पट्टा कायम सुटलेला असे, त्यामुळे त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. तो आवाज आला की आम्ही चारपाच कारकून उगाचच कागद पुढे ओढायचो.

त्यांचा एकच शब्द सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. "मग?" तुम्ही म्हणा, पाड्यापर्यंत रस्ता होईल. बाई म्हणणार, "मग?" मग गाड्या येतील. "मग?" मग पोरं उंबरगावला, वापीला कामाला जातील. "मग?" मग काय बाई, पगार आणतील. "मग शेती कोण करील? म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेईल?" इथवर येईतो समोरच्याचा घसा कोरडा पडलेला असायचा. ऑफिसात त्यांच्यामागे त्यांना मगबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

दुसरी खोड वयाची. माणूस भेटला की त्याचं वय विचारायचं आणि त्यात तीस मिळवायचे. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी छत्तीसचा होतो. "म्हणजे तेव्हा तू सहासष्टचा. पेन्शनीत. गुडघे गेलेले. बोर्डीहून डहाणूला डॉक्टरकडे कसा जाशील?" मी म्हटलं, "एसटीने." "एसटी असेल?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला खरंच गुडघ्यात कळ आल्याचा भास झाला. साहेबलोकांनाही त्या सोडत नसत. एका बड्या अधिकाऱ्याला भर बैठकीत "तुम्ही तेव्हा नसाल, आपण दोघंही नसू, म्हणून तर नीट लिहायला हवं" असं त्या म्हणाल्या होत्या. त्या अधिकाऱ्याने नंतर आठवडाभर रक्तदाबाची गोळी चुकवली नाही.

पण हे सगळं तीस वर्षांचं प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं. २०१४ साली पालघर हा नवा जिल्हा झाला. नवं घर बांधलं की माणसाला जरा जास्तच उत्साह असतो, तसं सरकारचंही झालं. वरून पत्र आलं की प्रत्येक तालुक्याने २०४५ सालापर्यंतचा आराखडा करून पाठवावा. पाणी, शाळा, रोजगार, जमीन, सगळं तीस वर्षं पुढे बघून. आमच्याकडे उद्याच्या बैठकीचं बघायला वेळ नसायचा, तिथे तीस वर्षांचं कोण बघणार? ते काम माझ्या टेबलावर आलं. मी तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात लिपिक. कागद अडला की तो कसाही करून पुढे सरकवायचा, एवढी माझी ख्याती. मी दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्याचा तयार आराखडा मिळवला, गावांची नावं बदलली आणि दोन दिवसांत पाठवून दिला. शाबासकीही मिळाली.

२०१५च्या सुरुवातीला आकडेवारी खात्यातून पागधरे बाई डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांसाठी आल्या. पहिल्याच दिवशी माझा तो आराखडा हातात धरून माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "सुधीर राऊत तूच ना? पान सतरा वाच." मी वाचलं. तलासरी तालुक्यातील द्राक्षबागांना भविष्यात शीतगृहांची गरज भासेल, असं तिथे लिहिलं होतं. नावं बदलताना द्राक्षं बदलायची राहून गेली होती.

"चल," बाई म्हणाल्या, "मला तलासरीतली द्राक्षं दाखव."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्यांनी मला खरोखरच जीपमध्ये बसवलं आणि पूर्वेकडच्या डोंगरातले सात पाडे फिरवले. प्रत्येक ठिकाणी उतरून विचारायच्या, "इथं द्राक्षं कुठं होतात हो? आमचे राऊत म्हणतात होतात." भात आणि नागलीच्या वावरात उभी असलेली माणसं माझ्याकडे दयेने बघायची. सातव्या पाड्यावर मी हात जोडले. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "आता आपण लिहू या." त्या दिवसापासून पुढची चार वर्षं मी त्यांच्यामागे फिरलो. घरी बायको म्हणायची, नोकरी सरकारची करता की त्या बाईंची?

त्यांची पद्धत सगळ्यांपेक्षा वेगळी होती. सरकारी माणूस पाड्यावर गेला की विचारतो, काय पाहिजे? लोकही तयार असतात: बोअर, रस्ता, समाजमंदिर. बाई तसं विचारत नसत. त्या म्हणायच्या, "तुमची नात तुमच्या वयाची झालीय. सकाळ झालीय. ती उठली. आता सांगा, ती काय करते?" पहिल्यांदा सगळे हसायचे. मग कोणीतरी म्हणायचं, पाण्याला जाते. "कुठे?" तिथून भांडण सुरू व्हायचं. एक म्हणायचा विहिरीवर, दुसरा म्हणायचा विहीर तोवर आटलेली असेल, तिसरा म्हणायचा नात इथं कशाला राहील, ती बोटीवाल्याशी लग्न करून गुजरातेत गेली असेल. बाई ती सगळी भांडणं लिहून घ्यायच्या. एकाच पाड्याची तीन-तीन भविष्यं त्यांच्या वहीत असायची, आणि तिन्हींत कामाला येईल अशी गोष्ट कोणती, हे त्या शोधत बसायच्या. बसायच्या म्हणजे फिरायच्या.

असं करत आम्ही बारकीपाड्याला पोचलो. तलासरीच्या पूर्वेला चढावर वसलेला पस्तीसएक घरांचा पाडा. त्याला लागून एक सरकारी माळ होता, साडेतीन एकरांचा, बराचसा सपाट. पाड्यातल्या बायकांची म्होरकी होती लखमी. वय पन्नाशीचं, बांधा काटक, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे न बघता ऐकायची सवय. त्या माळावर सगळ्यांना मिळून एक खळं आणि त्यावर पत्र्याची शेड हवी, अशी तिची मागणी होती. दिवाळीच्या आसपास अवकाळी आला की कापलेला भात भिजायचा. मागणी रास्त होती.

बाईंनी माळावर चार फेऱ्या मारल्या. मग लखमीला म्हणाल्या, "ही जागा रिकामी ठेवली तर?"

"कशाला?"

"ते मला ठाऊक नाही. म्हणूनच."

मला वाटलं आता बाईंना पाड्यावरून हाकलतात. पण बाई सांगत राहिल्या. पाड्याच्या तिन्ही भविष्यांत त्यांना एक गोष्ट दिसत होती. सगळी सपाट जमीन एकेक करून कशात ना कशात जाणार. हायवे जवळ आहे, कारखाने सरकत येतायत. तीस वर्षांनी इथल्या लोकांना काहीतरी करायचं असेल, शाळा असो, तळं असो, आपल्याला सुचणारही नाही असं काही असो, तेव्हा त्यांना पाय ठेवायला जागा नसेल. मग त्यांनी किनाऱ्यावरच्या आपल्या आगर गावचं सांगितलं. त्या आगरच्या, मच्छीमारांच्या घरातल्या. "आमच्याकडे बोंबील वाळत घालायला मोठं मैदान होतं. पुढून समुद्राने खाल्लं, मागून घरांनी. आता बाया रस्त्यावर वाळवतात आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खातात. आमच्या आजोबांच्या वेळी कोणीतरी एक तुकडा बाजूला ठेवला असता, तर आमचं असं झालं नसतं. माझी आई त्या रस्त्यावरच म्हातारी झाली." हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता, आणि चढला की त्यांच्या मराठीत आगरची बोली शिरायची.

लखमीने माळाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे बियाचा भात."

"म्हणजे?"

"कणगीत बियाचा भात येगळा ठेवतो. पावसात घरातला दाना संपला, पोरां रडली, तरी त्यो काढावाचा नाय. पुढच्या वरसाचा हाय त्यो. तशी जागा."

बाईंनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं. नंतर जीपमध्ये मला म्हणाल्या, "मी पुण्यात जाऊन चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं रे. तिथे हे कोणाला एका वाक्यात सांगता आलं नाही."

पण लखमी हिशेबी होती. तिने विचारलं, "आमी खळा सोडला, न् उद्या दुसऱ्या कोनी भिंत घातली तर?" बाई म्हणाल्या, "पुढच्यांशिवाय कोणी हात लावणार नाही. माझा शब्द." मी शेजारी उभा होतो. सरकारी नोकराने असा शब्द देऊ नये हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. बायकांनी आपापसात बोलून खळं सोडलं. त्या दिवसापासून बाईंच्या तीस वर्षांच्या आराखड्याचा सगळा जीव त्या साडेतीन एकरांत जाऊन बसला. आराखड्यात दोनशे पानं होती, पण बाई म्हणायच्या, "बाकीचा कागद आहे. ही एकच गोष्ट खरी आहे."

सरकारी जागा रिकामी ठेवणं हे किती कठीण काम आहे, ते मला तेव्हा कळलं. जागा कोणासाठी, हे लिहिल्याशिवाय राखीव होत नाही. फॉर्मवर "लाभार्थी" असा रकाना होता. बाईंनी त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: "अद्याप जन्मलेले नाहीत." महिन्याभराने फाइल परत आली. वर शेरा होता, लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकासह जोडावी. आम्ही इतके हसलो की शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाईही हसल्या, पण लगेच व्हरांड्यात गेल्या आणि त्यांच्या येरझाऱ्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः फाइल घेऊन वर गेल्या. परत आल्या तेव्हा लाभार्थ्यांचा रकाना यादीशिवाय मंजूर झाला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिथल्या साहेबाला मी त्याच्या नातीचं वय विचारलं."

मग आलं कॉम्प्युटरचं. आता जे काही मी सांगणार आहे, ते मी फार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

२०१६च्या मार्चअखेर सगळ्या राखीव जागांची नोंद कॉम्प्युटरवर करायची होती. शेवटच्या दिवशी बाई मुंबईला बैठकीला गेलेल्या, त्यांचा फोन लागत नव्हता. बारकीपाड्याची नोंद मी करायला घेतली. "प्रयोजन" या ठिकाणी रिकामं सोडता येत नव्हतं. सहा पर्याय होते, त्यातलाच एक निवडायचा: खेळाचे मैदान, स्मशानभूमी, आठवडी बाजार, गोदाम, शासकीय इमारत, आपत्कालीन उपयोग. नोंद झाली नाही तर राखीवपणा रद्द. चार वाजले, पाच वाजले. मी पंधरा वेळा फोन लावला.

मी विचार केला. मैदान लिहिलं तर उद्या कोणी ग्राउंड करायला निधी आणील. बाजार लिहिला तर गाळे येतील. जे कधीच घडणार नाही असं काय? आपत्ती. बारकीपाडा समुद्रापासून लांब, नदीपासून उंच. ना पूर, ना वादळ. तिथे कसली आपत्ती येणार? मी "आपत्कालीन उपयोग" निवडलं आणि बटण दाबलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. तीस वर्षं पुढे बघणाऱ्या बाईंबरोबर वर्षभर फिरून मी एवढंच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, "झालं, बारकीपाडा नोंदला गेला." त्यांनी कसा ते विचारलं नाही. मुंबईहून आणलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्यासमोर उघडा केला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी सांगणार होतो. दोनदा तोंड उघडलं. मग पेढा खाल्ला.

पुढची दोन वर्षं बरी गेली. माळ रिकामाच होता. त्यावर शेरडं चरायची, पोरं क्रिकेट खेळायची. एक मोबाइल टॉवरवाला आला, बाईंनी त्याला पिटाळला. कोणी समाजमंदिराचा नारळ फोडायला आला, त्यालाही. दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून त्या बारकीपाड्याला जायच्या, माळाला एक फेरी मारायच्या आणि लखमीच्या ओट्याला टेकून उभ्याने काळा चहा प्यायच्या. तो मात्र पूर्ण प्यायच्या. लखमी मला म्हणायची, "तुजी बाय रातची तरी निजते का रे?" मला तरी कुठे ठाऊक होतं?

आणि २०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीतल्या माणसाला ते दिवस सांगायला नकोत. पहिल्यांदा मला वाटलं शेजारून ट्रक गेला. टेबलावरचे पेन घरंगळले, कपाटाची दारं वाजली, आणि आम्ही सगळे बाहेर. मग ते थांबेचना. आठवड्यात एकदा, कधी दिवसातून तीनदा, चारदा. कुडाच्या, विटांच्या भिंतींना भेगा गेल्या. माणसं चालताना पायाखाली बघायला लागली. बसल्या जागी कोणी पाय हलवला तरी सगळे दचकायचे. मोठा धक्का येणार, येणार, असं सगळे म्हणायचे, आणि तो यायचाही नाही न् भीती जायचीही नाही. बाईंची येरझार त्या दिवसांत आम्हा सगळ्यांनाच लागली.

पहिल्या जरा जोरदार धक्क्यानंतर आम्ही बारकीपाड्याला गेलो, तर घरं रिकामी. सगळा पाडा माळावर आलेला. ताडपत्र्या बांधलेल्या, चुली मांडलेल्या, कोंबड्या टोपल्यांखाली. मास्तरांनी शाळाही तिथेच भरवली होती. कोणाच्या डोक्यावर पडेल अशी एकही भिंत जवळ नव्हती. लखमी बाईंना बघून म्हणाली, "बाय, तुजी जागा कामाला आली बग." बाई एका बाजूला गेल्या. मी मागोमाग गेलो, तर डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "मला इतकं बरं वाटलं ना सुधीर. आणि लोक असे भेदरलेले असताना मला बरं वाटतंय, याची लाज पण वाटली." मला फक्त बरंच वाटलं. माझं बटण खरं ठरलं होतं.

ते समाधान महिनाभर टिकलं. वरून मोठे साहेब पाहणीला आले. कोणीतरी नोंद काढली: बारकीपाडा, साडेतीन एकर, प्रयोजन आपत्कालीन उपयोग, आणि तीही दोन वर्षं आधीची! सगळे थक्क. याला म्हणतात दूरदृष्टी. लगेच बाईंचा सत्कार ठरला. शाल, नारळ, खचाखच भरलेला हॉल. साहेब म्हणाले, पागधरे मॅडमनी भूकंप येण्याआधी भूकंपाची जागा राखून ठेवली.

बाई माइकसमोर गेल्या. "मला भूकंप दिसला नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि हे प्रयोजन मी लिहिलेलं नाही. मी काहीच लिहिलं नव्हतं. ती जागा कशासाठीच नव्हती." लोकांना वाटलं विनय आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच साहेबांनी पुढची घोषणा केली: त्याच जागेवर दोन्ही तालुक्यांसाठी मदत साहित्याचं कायमचं गोदाम होईल, कुंपणाच्या भिंतीसह. मी मागच्या रांगेत होतो. मी टाळ्या वाजवायचं थांबलो.

गोदाम वाईट नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. तंबू, घोंगड्या, ताडपत्र्या कुठेतरी ठेवायलाच हव्या होत्या. पण ते हायवेलगत कुठेही झालं असतं. माळच हवा होता, कारण नोंद तयार होती, नवी परवानगी लागणार नव्हती. बाईंनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: नोंदीतील प्रयोजनाशी वापर सुसंगत आहे. हे प्रयोजन कॉम्प्युटरात घातलं कोणी, हे शोधत त्या वरच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज संध्याकाळी बोर्डीच्या बसमध्ये स्वतःला शिव्या द्यायचो. धक्के कमी झाले, लोक घरात परतले, जेसीबी आला. भिंतीचा पाया खणला जात असतानाच, २०१९च्या मध्यावर, बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका रविवारी मी आगरला गेलो. बाई अंगणात दोरीवर जाळं टाकून त्याच्या भोकांची डागडुजी करत होत्या. मला बघून चेहरा फुलला. "ये रे, चहा घे." मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं. सहा पर्याय, पंधरा फोन, बटण.

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "वर एक पोरगी आहे टायपिस्ट. तिच्यावर मी वाट्टेल ते आरोप केले. रडली रे ती माझ्यासमोर. तुझा संशयसुद्धा आला नाही मला. तू माझ्या हातचा पेढा खाल्ला होतास."

"बाई, फोन लागत नव्हता. नोंद रद्द झाली असती."

"मग खेळाचं मैदान लिहायचंस! निदान पोरं खेळली असती. भिंत तरी नसती आली." आता आवाज चढला. "आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मी समोर उभी होते ना? तेव्हा बदलता आलं असतं. एका अर्जाचं काम होतं."

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

"माझी काय माफी मागतोस? माझी होती का ती जागा?" त्यांनी आत जाऊन चपला घातल्या. "चल."

आगरहून डहाणू, डहाणूहून तलासरीची बस. बाई खिडकीशी होत्या, तोंड बाहेर करून. विवळवेढ्याला देवीला आलेली माणसं उतरली, चढली, एका बाईने आम्हा दोघांना प्रसादाचं खोबरं दिलं. आम्ही ते हातात धरून बसलो. तलासरीहून सहाआसनी रिक्षा, आणि पुढे चढाने चालत. बाई माझ्या पुढे होत्या, आणि त्या वयातही मला गाठता येत नव्हत्या.

भिंत पुरी झाली होती. पुरुषभर उंच, करड्या रंगाची, पाड्याच्या कडेने लांबवर गेलेली. निळ्या लोखंडी फाटकाला कुलूप. भिंतीलगतच्या अरुंद पट्टीत शेरडं दाटीवाटीने उभी होती. क्रिकेटवाली पोरं रस्त्यावर खेळत होती.

लखमी अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. बाईंना बघून ती उठली नाही. गोदामाचं काम सुरू झाल्यापासून बाई तिथे फिरकल्या नव्हत्या, शरमेने, हे मला नंतर कळलं.

"लखमी," बाई म्हणाल्या, "याला तुला काही सांगायचंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ज्यांची माफी मागायची ते अजून जन्मलेले नाहीत. तोवर हिची माग."

मी सांगितलं. आगरला सांगितलं होतं त्यापेक्षा वाईट सांगितलं, अडखळत, अर्धी वाक्यं गिळत. लखमी पाखडत राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

माझं झाल्यावर तिने विचारलं, "आता सुटल का ती जागा?"

"नाही," मी म्हटलं.

"आमचा खळा?"

मी नाही म्हणून मान हलवली. लखमीने सूप खाली ठेवलं आणि बाईंकडे बघितलं. बराच वेळ. बाई तिच्या नजरेसमोरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द माझा होता. मी खोटी पडले."

सूप उचलून लखमी घरात गेली. दारात क्षणभर थांबून बाजूला सरकली, आणि बाई वाकून तिच्यामागे आत गेल्या. मला दिसलं ते एवढंच. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच एकीचा आवाज चढायचा, पण शब्द कळत नव्हते. मी अंगणात उभा होतो. मला कोणी आत ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.